शनिवारची दुपार आणि कोपऱ्यातले टेबल

“आता तूच ये गं घरी. या वयात बाहेर कुठे जायचे?”

माझ्या मैत्रिणीने हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मला किमान दहा वेळा ऐकवले असेल. ती पंचाहत्तर वर्षांची, मी तिच्याहून चार महिन्यांनी मोठी. पुण्यातील एका शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी शिक्षिका म्हणून रुजू झालो. ते १९७२ साल होते, दुष्काळाचे. घरोघरी लाल मिलोच्या भाकऱ्या चालू होत्या. पहिला पगार हातात पडला त्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, घरी न सांगता आम्ही डेक्कनजवळच्या एका हॉटेलच्या ‘फॅमिली रूम’मध्ये जाऊन बसलो. पडदा ओढलेली लहानशी खोली, दोघींत एक मसाला डोसा आणि दोन कप कॉफी. सोबत पुरुष माणूस नसताना दोन तरुण मुलींनी हॉटेलात जाऊन खाणे ही तेव्हा आळीत चर्चा होण्यासारखी गोष्ट होती. तरीही पुढे महिन्यातला एक शनिवार आम्ही राखून ठेवला आणि निवृत्तीनंतरही तो नेम चालू राहिला.

मग तिच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. चार वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. तिने त्यांचे सारे काही केले. ते गेल्यालाही आता दोन वर्षे होऊन गेली. या सहा वर्षांत आमचा शनिवार मोडला तो मोडलाच.

तिच्या घरी मी जात नव्हते असे नाही. मुलगा-सून सज्जन आहेत, चहा-पोहे होतात, नातवाच्या परीक्षेची चौकशी होते, दूरचित्रवाणी चालू असते. तासाभराने मी निघते. परंतु त्या तासात आम्ही दोघी खऱ्या अर्थाने भेटलेल्या नसतो. घर कितीही आपले असले तरी काही गोष्टी घरात बोलता येत नाहीत. म्हणूनच आजच्या लेखाचा विषय वरकरणी हलकाफुलका वाटला, तरी वाचकांनी तो आरोग्याचाच विषय मानावा, अशी विनंती आहे. विषय आहे, वृद्ध मित्रमैत्रिणींनी सुटीच्या दिवशी निवांत जेवायला जावे तर शहरात जागा कशी निवडावी.

चुकलेली निवड

प्रथम माझीच चूक सांगते. गेल्या वर्षी खूप आग्रह करून मी तिला बाहेर काढले. भाचीने एका नव्या उपाहारगृहाचे नाव सुचवले होते. तिथले पदार्थ उत्तम, सजावट देखणी. रविवारी दुपारी एक वाजता आम्ही पोहोचलो. पाऊण तास बाहेर उभे राहावे लागले. आत गेल्यावर मिळाले ते उंच स्टुलांचे टेबल. छताला ध्वनिक्षेपक, त्यातून अखंड संगीत. खाद्यपदार्थांची यादी मागितली तेव्हा टेबलावर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवून, “आजी, मोबाईलवर स्कॅन करा,” असे सांगण्यात आले. प्रसाधनगृह सहा पायऱ्या उतरून, आणि त्या पायऱ्यांना कठडा नाही.

मी उत्साहाने बोलत राहिले. ती हसून मान हलवत राहिली. दोन-चार घास खाल्ले. पाण्याचा पेला तसाच भरलेला राहिला. परतताना रिक्षात मी विचारले, “कसे वाटले?” “छान होते,” ती म्हणाली. त्यानंतर तीन महिने मी केलेल्या प्रत्येक आमंत्रणाला तिचे एकच उत्तर येत राहिले: आता तूच ये.

खरे काय घडले होते ते मला पुढे तिच्या सुनेकडून कळले आणि मग तिच्याकडून. माझे एकही वाक्य तिला नीट ऐकू आले नव्हते. आणि लघवीला वारंवार जावे लागते, त्या पायऱ्या उतरता येणार नाहीत, या भीतीने ती पाण्याचा घोटही घेत नव्हती. एवढेच नव्हे, तर रक्तदाबासाठी सकाळी घ्यावयाची, लघवी वाढवणारी गोळीही तिने त्या दिवशी घेतलीच नव्हती. दोन तास माझ्यासोबत बसता यावे, म्हणून तिने औषध चुकवले होते, आणि मी मात्र पदार्थांचे कौतुक करीत बसले होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. तरुणपणी आपण जेवायची जागा जिभेने निवडतो. आपल्या वयात ती कानांनी, गुडघ्यांनी, मूत्राशयाने आणि घड्याळाने निवडावी लागते. जिभेचा क्रम त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की चांगल्यात चांगले जेवणही मैत्रीच्या आड येते.

भेट हेही औषधच

कोणी म्हणेल, एका जेवणासाठी एवढा विचार कशाला? त्याचे उत्तर आज वैद्यकशास्त्र देत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक नात्यांच्या प्रश्नावर स्वतंत्र आयोग नेमला. त्याच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालत आलेल्या दीर्घ अभ्यासाचाही निष्कर्ष असाच आहे, की उतारवयातील आरोग्य आणि समाधान यांच्याशी जिव्हाळ्याच्या नात्यांचा निकटचा संबंध असतो. हृदयविकार, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका एकटेपणाने वाढतो, हे आता सर्वमान्य आहे.

माणसांनी भरलेल्या घरातही एकटेपण असू शकते. कुटुंब आपल्याला आई, आजी, सासू म्हणून ओळखते. मैत्रीण मात्र आपल्याला आपल्या नावाने ओळखते. ती ओळख जिवंत राहावी, म्हणून महिन्यातून दोन तास खर्च करणे ही चैन नव्हे.

आधी स्वतः जाऊन पाहावे

दुसऱ्या खेपेस मी आधी एकटी जाऊन जागा पाहून आले. तीन उपाहारगृहे पाहिली, प्रत्येक ठिकाणी एक कप चहा घेतला. काय पाहावे, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट प्रवेशाची. रिक्षा वा मोटार दाराशी थांबू शकते का? पदपथ उखडलेला आहे का? पायऱ्या किती, आणि त्यांना कठडा आहे का? दोन पायऱ्या कठड्याशिवाय असण्यापेक्षा चार पायऱ्या भक्कम कठड्यासह असणे अनेकदा बरे. उतरंड असल्यास ती फार तीव्र नसावी. एक फूट उंची चढण्यासाठी निदान बारा फूट लांबीचा उतार, हे चाकाच्या खुर्चीसाठीचे मान्य प्रमाण आहे. पुण्या-मुंबईतील अनेक जुन्या खानावळी पहिल्या मजल्यावर आहेत. तिथले जेवण घरगुती आणि माफक दरातले असले, तरी लाकडी जिने उभे असतात. उद्वाहन आहे का, असल्यास चालू आहे का, हे दूरध्वनीवर विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट प्रसाधनगृहाची. याविषयी बोलायला आपली पिढी संकोचते आणि त्या संकोचाची किंमत मोजते. आत जाऊन प्रत्यक्ष पाहावे. ते त्याच मजल्यावर आहे का? बैठक खुर्चीसारखी उंच आहे की उकिडवे बसावे लागते? उठताना धरायला काही आहे का? फरशी कोरडी आहे का? दाराची कडी सहज उघडते का? टेबल निवडताना तिथून प्रसाधनगृहापर्यंतची वाट मोकळी असावी, म्हणजे चार खुर्च्या सरकवून, सर्वांच्या नजरा झेलत जावे लागत नाही. माझ्या मैत्रिणीला मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले, “उजवीकडे, त्याच पातळीवर, स्वच्छ आहे.” तिने माझ्याकडे पाहिले आणि पाण्याचा पेला उचलला.

तिसरी गोष्ट खुर्चीची. खोल रुतणारे मऊ सोफे दिसायला सुखावह, परंतु त्यांतून उठणे हे गुडघ्यांचे मोठे काम. पाठ टेकणारी, हात असलेली, तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील अशा उंचीची खुर्ची सर्वांत उत्तम. भिंतीला जोडलेल्या बाकावर आत सरकून बसावे लागत असेल, तर ते टेबल नाकारावे.

आवाजाचे गणित

उतारवयात श्रवणशक्ती कमी होते ती प्रथम उंच पट्टीच्या ध्वनींची. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ वाटते. म्हणूनच अनेक ज्येष्ठ म्हणतात, “आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.” त्यात पाठीमागे गोंगाट असला की शब्द वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. श्रवणयंत्राने साहाय्य होते, परंतु ते भांड्यांचा खणखणाटही मोठा करते. मग माणूस ते काढून खिशात ठेवतो आणि हसून मान हलवू लागतो. अशी मान हलताना दिसली, तर समोरच्याने ओळखावे की आपले बोलणे पोहोचत नाही.

काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, उघडे छत अशा ठिकाणी ध्वनी आदळून परत येतो. पडदे, लाकूडकाम, कापडी आच्छादने, झाडे अशा ठिकाणी तो शोषला जातो. स्वयंपाकघराचे दार, गल्ला आणि ध्वनिक्षेपक यांपासून दूर, पाठीशी भिंत असलेले कोपऱ्यातले टेबल मागावे. ज्याला कमी ऐकू येते त्याला, समोरच्याचा चेहरा उजेडात दिसेल असे बसवावे. आपण सारे थोड्याफार प्रमाणात ओठ वाचून ऐकत असतो. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर त्याचा चेहरा काळोखा दिसतो आणि हे साहाय्य नाहीसे होते. संगीताचा आवाज कमी करण्याची विनंती निःसंकोच करावी. सौजन्याने सांगितले, तर बहुतेक ठिकाणी ती मानली जाते.

घड्याळ आणि थाळी

पुण्यात रविवारी दुपारी जेवायला बाहेर पडणे म्हणजे रांगेत नाव लावणे. टिळक रस्त्यावरची १९३२ पासूनची बादशाही, फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली ही आमच्या पिढीच्या जिव्हाळ्याची ठिकाणे. पण सुटीच्या ऐन वेळी तिथे उभे राहण्याची ताकद आता पायांत नाही. शिवाय मागे चार माणसे ताटकळत असताना निवांत बोलणे जमत नाही. सुनेला सोडायला-न्यायला शनिवार-रविवारच सवड असते, म्हणून आम्ही शनिवार निवडला आणि वेळ पावणेबाराची. त्या वेळी स्वयंपाक ताजा असतो, वाढपी थकलेले नसतात, टेबल हवे ते मिळते आणि गर्दी भरू लागेपर्यंत आपले जेवण होऊन कॉफी आलेली असते.

अमर्याद थाळीचा मोह आपल्या पिढीला फार. “पैसे दिलेत, तर पोटभर खाऊ,” हा हिशेब मनातून जात नाही. पण थाळीच्या दालनात वाढपी दर दोन मिनिटांनी येतात. बोलण्याचा धागा तुटतो, आणि ‘नको’ म्हणता म्हणता ताटात श्रीखंड आणि दुसरी पुरी येऊन पडते. निवांत भेटीसाठी मागवून खाण्याची पद्धत बरी. एक पदार्थ दोघांत घ्यावा, संपला की दुसरा मागवावा. पुढचा पदार्थ केव्हा आणायचा ते वाढप्याला आधीच सांगून ठेवावे.

छापील यादी मिळेल का, हेही आधीच विचारावे. भिंगाचा चश्मा पिशवीत असावा.

ताटाबाबत थोडे

आपल्या वयात जड जेवणानंतर एक-दोन तासांत रक्तदाब उतरण्याची शक्यता असते. पचनसंस्थेकडे रक्ताचा ओघ वाढतो. तरुण शरीर हृदयाची गती वाढवून आणि इतर रक्तवाहिन्या आकुंचित करून तोल सांभाळते, वृद्ध शरीराला ते तितक्या तत्परतेने साधत नाही. मग उठताना अंधारी येते, तोल जातो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच मधुमेह वा कंपवात असणाऱ्यांनी विशेष जपावे. भात, मैदा, मिष्टान्न यांचे प्रमाण कमी ठेवावे, जेवणाआधी पेलाभर पाणी घ्यावे, जेवणानंतर निदान अर्धा तास बसून मगच, खुर्चीचा आधार घेत, हळूहळू उठावे. म्हणजे जेवणानंतरच्या गप्पा ही वैद्यकीय गरजही आहे. (हृदयविकार वा मूत्रपिंडविकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी अर्थातच ती पाळावी.)

मधुमेहींनी वेळेचे भान ठेवावे. जेवणाआधीचे इन्सुलिन घरून टोचून निघणे धोक्याचे. वाहतुकीत अडकलो वा टेबल मिळायला उशीर झाला, तर साखर एकदम उतरू शकते. ते केव्हा घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे, आणि पिशवीत ग्लुकोजची पुडी वा साखर असावी. घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवताच ती घ्यावी.

कवळी असणाऱ्यांनी थालीपीठ, कडक भाकरी यांपेक्षा मऊ भात, इडली, उसळ, शिजलेल्या भाज्या निवडाव्यात. घास तोंडात असताना बोलणे वा हसणे टाळावे. वार्धक्यात ठसका लवकर लागतो. आपल्या वयात पोट बिघडले तर शरीरातील पाणी फार वेगाने कमी होते, म्हणून उकळते, समोर वाफाळत येणारे पदार्थ घ्यावेत. चिरून ठेवलेली कोशिंबीर, उघडी चटणी आणि बर्फ टाळावा. पापड, लोणचे आणि रस्सा यांत मीठ बरेच असते. एखादे दिवशी चव घेण्यास हरकत नाही, पण तिन्ही एकाच जेवणात नकोत.

आणि एक महत्त्वाची विनंती. बाहेर जायचे म्हणून कोणतीही गोळी परस्पर चुकवू नये. माझ्या मैत्रिणीने धीर करून डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी अशा दिवशी ती गोळी घरी परतल्यावर घेण्याची मुभा दिली. प्रत्येकाचे उत्तर हेच असेल असे नाही. वारंवार लघवीला जावे लागणे हे वयाचे अटळ भोग नव्हेत, त्यावर व्यायाम आणि औषधे आहेत, हेही तिला त्याच भेटीत कळले. चार वर्षे यजमानांची प्रत्येक गोळी घड्याळ लावून देणाऱ्या माझ्या मैत्रिणीने स्वतःचे दुखणे मात्र कोणालाच सांगितले नव्हते.

मुला-सुनांसाठी

घरातील तरुण मंडळींना दोन शब्द. आईवडिलांना त्यांच्या मित्राकडे सोडून यावे, आणि खरोखरच सोडून यावे. प्रकृती अगदीच नाजूक असेल, तर दुसऱ्या टेबलावर बसावे, पण त्यांच्या गप्पांत बसू नये. पदार्थ त्यांच्या वतीने मागवू नयेत. मध्येच तीन वेळा दूरध्वनी करू नये. परतण्याची वेळ ठरवावी आणि ती अर्ध्या तासाने लांबली तरी चेहरा वाईट करू नये. त्यांच्या पिशवीत औषधांची यादी आणि घरचा क्रमांक लिहिलेले कार्ड असावे.

मैत्रिणीच्या सुनेने हे उत्तम जाणले. मला दाराशी गाठून ती हळूच म्हणाली, “काकू, आई गोड फार खातील, तेवढे बघा.” आणि मग स्वतःच हसली, “जाऊ दे, नका बघू. दोन वाजता येते.”

ज्यांच्या स्मृतीला उतरती कळा लागली आहे, त्यांच्यासाठी नवी जागा शोधत बसू नये. ओळखीचे ठिकाण, शक्यतो तेच टेबल, तोच पदार्थ आणि एकच सोबती, यांनी त्यांना धीर येतो. भेट तासाभराची असली तरी पुरे.

देयकाबाबतही आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे शेवटी पाकिटांची ओढाताण होत नाही. आम्ही आळीपाळीने देतो. देयकात ‘सेवा शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम लावलेली असेल, तर ती देण्याची सक्ती करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम केली. वाढप्याला आपखुशीने काही देणे ही वेगळी गोष्ट, आणि आपल्यासाठी खुर्ची ओढून देणाऱ्याला ते जरूर द्यावे.

पावणेबारा ते दोन

शेवटी निवडलेली जागा अगदी साधी होती. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तुमच्या पायांची आणि कानांची जागा वेगळी असेल. ती तुम्हीच शोधावी. दोन पायऱ्या, त्यांना कठडा. संगीत नाही. कोपऱ्यातले टेबल, हात असलेल्या खुर्च्या, बाहेर एक बकुळीचे झाड. आम्ही एक मसाला डोसा दोघींत घेतला, मग थोडा दहीभात, मग कॉफी.

पहिला अर्धा तास शाळेच्या आठवणींत गेला. कॉफी आली तेव्हा ती गप्प झाली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “अगं, शेवटच्या महिन्यात एकदा मी त्यांच्यावर ओरडले होते. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलावी लागली तेव्हा. त्यांना बोलता येत नव्हते. नुसते बघत राहिले माझ्याकडे. दोन वर्षे झाली, ती नजर जात नाही.”

हे तिने मुलाला सांगितले नव्हते, सुनेला नाही, बहिणीलाही नाही. घरात सर्वांनी तिला ‘आईने किती केले’ असे म्हणून उंच आसनावर बसवले होते. त्या आसनावरून हे सांगायचे तरी कसे? मी तिला उपदेश केला नाही. टेबलावरचा तिचा हात धरून ठेवला आणि एवढेच म्हटले, “चौदाशेहून जास्त रात्री तू उठलीस. त्यातल्या एका रात्री ओरडलीस.” ती रडली. वाढपी मुलगा लांबूनच वळून गेला, आणि थोड्या वेळाने न सांगता पाण्याचे दोन पेले ठेवून गेला.

शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी एखादी रात्र असते. ती कोणापाशी तरी बोलून टाकावी लागते, आणि त्यासाठी जिथे आपले बोलणे ऐकू येईल, उठण्याची घाई नसेल आणि शरीराची कोणतीही भीती मध्ये येणार नाही अशी एक जागा लागते. पायऱ्या मोजणे, खुर्ची तपासणे, संगीत बंद करायला सांगणे हे सारे त्या जागेसाठी. त्या गोंगाटातल्या रविवारीही तिच्या मनात हेच होते. मी तिला बसवले मात्र अशा ठिकाणी, जिथे ती हे सांगूच शकली नसती.

दोन वाजता सून आली. सासूबाईंचे लाल डोळे तिने पाहिले, पण काही विचारले नाही. मैत्रीण खुर्चीचा हात धरून सावकाश उठली, क्षणभर थांबली, आणि कठडा धरून दोन्ही पायऱ्या उतरली. मोटारीत बसताना म्हणाली, “पुढच्या महिन्यात पैसे मी देणार. आणि डोसा एकेक घेऊ. अर्ध्याने माझे काही होत नाही.”

वाचकहो, तुमच्याही मनात या घटकेला एखादे नाव आले असेल. बऱ्याच दिवसांत न भेटलेले, ‘आता तूच ये’ म्हणणारे. त्यांना दूरध्वनी करण्यापूर्वी एकदा बाहेर पडा, एक कप चहा घ्या आणि पायऱ्या मोजून या.